नव्वद मिनिटं

३० मार्च, सोमवार

ऑफिसातल्या वरिष्ठ हितेंद्रभाऊंनी सांगितलं म्हणून ही वही. "भाविका, जे बिघडतं ते लिहीत जा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर डोकं आपटावं लागत नाही." ऑफिसच्या नोंदी संगणकावर ठेवायच्या असतात हे मलाही कळतं. पण तिथे 'आज मला भीती वाटली' असं लिहायला रकाना नाही.

आज एक टेस्ट एकदा नापास झाली. एवढंच. कुणाला सांगितलं तर हसतील.

आमची कंपनी म्हणजे जळगावात एका दवाखान्याच्या वरच्या तीन खोल्या आणि पाच माणसं. आम्ही 'राखण' नावाची पेटी बनवतो. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि म्हातारे आईबाप इकडे एकटे, अशा घरांत ती बसते. माणूस आत आहे की बाहेर गेला हे तिला दारावरून कळतं. आत असूनही दिवसा नव्वद मिनिटं काहीच हललं नाही, तर ती मुलांना स्वतःहून फोन लावते. जामनेर, भडगाव, भुसावळ धरून बेचाळीस घरं झाली. एक्केचाळीस लोकांची, आणि एक माझ्या आबांचं, वरणगावला. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत. तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी माझ्याकडे राहायला येत नाहीत.

पेटीच्या कोडमध्ये काही बदललं की खऱ्या घरांत पाठवण्याआधी आम्ही संगणकात एक खोटं घर उभं करतो. त्यात एक खोटी म्हातारी असते. तिचं नाव मी झुंबरबाई ठेवलंय. झुंबरबाई एका खेपेत दोनशे चौदा वेळा पडते, कधी मोरीत, कधी ओट्यापाशी. तिची नव्वद मिनिटंही खोटी. घड्याळ आम्हीच पुढे सरकवतो, पापणी लवायच्या आत दीड तास होतो. मग टेस्ट विचारते, निरोप गेला? गेला. की हिरवी टिकली.

आज दोनशे चौदांत एक लाल आली. पुन्हा चालवली, सगळं हिरवं.

"ऊन लागलं असेल," समोरच्या टेबलावरून ज्ञानेश्वर म्हणाला. बाहेर बेचाळीस अंश होतं. सगळे हसले, मीही हसले. डबा खाताना मात्र मला ती लाल टिकलीच दिसत होती.

सकाळी दहाला आबांना नेहमीचा फोन केला. बरं आहे म्हणाले.

१ एप्रिल, बुधवार

टेस्ट शंभर वेळा चालवली. सात वेळा लाल.

हितेंद्रभाऊ म्हणाले, "त्र्याण्णव तरी पास ना? आमच्या घरात त्र्याण्णव टक्क्यांना पेढे वाटले असते." माणूस चांगला आहे, पण काळजीची गोष्ट त्यांना चेष्टेशिवाय गिळता येत नाही.

दुपारपर्यंत कारण सापडलं, आणि सापडल्यापासून जास्तच घाबरले आहे. फोन लावायचं काम पेटी मागच्या मागे करते. पुढे पंखा, दिवे, गॅस यांच्यावरचं तिचं लक्ष चालू राहावं म्हणून निरोपाचं काम ती बॅकग्राउंडला टाकून देते. आमची टेस्ट विचारते ती एवढंच, की निरोप मागे सोपवला का? सोपवला. हिरवी टिकली. तो मागे पोचला की नाही, याची ती वाटच बघत नाही. निरोप उंबरठा ओलांडायच्या आत आम्ही ते खोटं घर पाडून टाकतो. सात वेळा लाल आली ती नशिबाने, घर पाडायला जरा उशीर झाला आणि निरोप अडकलेला दिसला म्हणून.

म्हणजे झुंबरबाईचा निरोप खरोखर जातो का, हे आम्हाला ठाऊक नाही. किती दिवसांपासून ठाऊक नाही, तेही ठाऊक नाही.

दहाला आबांना फोन केला होता. म्हणाले, "काल आलं असंन ना तुले?" ते रोज सकाळी फुलांची नि सुविचारांची चित्रं पाठवतात. मी उघडून बघत नाही, पण तसं कसं सांगायचं. म्हटलं, "आलं, आलं."

"मंग बरं हाये." मग म्हणाले, "भावी, मी काय म्हनत व्हतो…"

"आबा, मीटिंग आहे. उद्या बोलू?"

मीटिंग नव्हती. टेस्ट चालू होती आणि तिच्यावरून माझा डोळा हलत नव्हता. बोलणं अडतीस सेकंदांचं झालं, फोनच दाखवतो.

३ एप्रिल, शुक्रवार

मागची कामं संपेपर्यंत थांब, असं सांगणारी एक ओळ या टेस्टमध्ये पूर्वी होती. कोणीतरी ती काढली. कोणी काढली, कधी काढली, सगळं कोडच्या इतिहासात असतं. काढणाऱ्याला चार शब्द सुनावायचे म्हणून मी तो उघडला.

भाविका. गेल्या वर्षी २९ एप्रिल, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं.

मला तो दिवस आठवतो. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. ती ओळ असली की टेस्ट संपतच नव्हती, आणि टेस्ट हिरवी झाल्याशिवाय ऑफिस सोडता येत नव्हतं. भुसावळची गाडी साडेपाचची. आई गेल्यानंतरची पहिली आखाजी, घरी तिची घागर भरायची होती. ओळ काढली, सगळं हिरवं झालं, मी पळाले. काम जमा करताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं होतं, 'वाट बघायची गरज नाही.'

माझेच शब्द माझ्याकडे बघत होते.

नवीनला रात्री जेवताना सांगितलं. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो, त्याला सगळं एका ओळीत हवं असतं. "काही झालं तर नाही ना? मग दुरुस्त कर." काही झालं की नाही, हेच तर मला माहीत नाही.

हो, वरणगावहून मंदाबाईंचा फोन आला होता. आबांच्या शेजारी राहतात. "तुह्ये आबा दाराले आतून कडीच नाई लावत आताशी. दिवसाढवळ्या कोनी शिरलं त?" मी आबांना रागावले. ते म्हणाले, "असू दे. ऱ्हाऊ दे उघडं."

४ एप्रिल, शनिवार

ती ओळ परत घातली.

टेस्ट सुरू केली आणि ती अडकली. लाल नाही, हिरवी नाही, नुसती थांबलेली. पाच मिनिटं, वीस मिनिटं. चाळीस मिनिटं मी खुर्चीवरून उठले नाही. लाल आली असती तर बरं वाटलं असतं. मागे काहीतरी आहे जे कधीच संपत नाही, आणि गेल्या वर्षी मला ते दिसायला हवं होतं. टेस्ट मला तेच सांगत होती, मी तिचं तोंड बंद केलं.

आबांना फोन केला. बरं आहे म्हणाले. आज 'मी काय म्हनत व्हतो' म्हणाले नाहीत.

६ एप्रिल, सोमवार

सापडलं. इतकं साधं आहे की रडू येतं.

निरोप निघायच्या वेळी घरातलं वायफाय बंद असलं, तर तो निरोप तिथेच उभा राहतो, जोडणी परत येण्याची वाट बघत. वायफाय पुन्हा सुरू होतं, पेटी पुन्हा जोडली जाते, आमच्या ऑफिसच्या पडद्यावर त्या घराचा दिवा हिरवा होतो. पण तो मागचा निरोप जुन्याच जोडणीला धरून बसलेला असतो. त्याच्या मागे दुसरा येऊन उभा राहतो, मग तिसरा. घर हिरवं दिसतं आणि मुकं झालेलं असतं.

ज्ञानेश्वर म्हणाला, "पण दिवसाढवळ्या घरातलं वायफाय कोण बंद करेल?"

कोण करेल? आपल्याकडे कोण करत नाही? जेवण झालं की म्हातारी माणसं घरभर फिरून एकेक बटण बंद करतात. आबांची तर सवय फॅक्टरीतली आहे. शेवटच्या माणसाने सगळं बंद करून निघायचं. पेटीच्या बटणावर मी 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली होती. वायफायच्या बटणावर लावायचं मला सुचलं नाही. आबा शिस्तीचे आहेत, जिथे चिठ्ठी नाही ते ते बंद करतात.

हितेंद्रभाऊंना सांगितलं, ती ओळ मी काढली होती. आज त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, "उद्या सकाळी बेचाळीस पेट्यांना विचारू. कुणाकडे किती निरोप अडकलेत ते."

आज का नाही विचारलं? कारण विचारणारं कोडही मलाच लिहायचं होतं, आणि ते आज खोट्या घरात चार वेळा तपासून घेतलं. आता माझा माझ्यावरच विश्वास नाही.

७ एप्रिल, मंगळवार. वरणगाव

घडलं तसं लिहिते.

दहाला आबांना फोन केला, उचलला नाही. वाटलं दूध आणायला गेले असतील. सव्वादहाला पेट्यांना विचारणं सुरू केलं. पडद्यावर एकेक घर येत गेलं. शून्य, शून्य, शून्य. भडगावच्या कुंदाबाई, एक. जामनेरचे रतिलालकाका, दोन. शून्य, शून्य.

वरणगाव, सतरा.

आधी वाटलं माझंच काही चुकलं. मग एकेक निरोप उघडला. १९ जानेवारी, दुपारी एक वाजून वीस. हालचाल नाही, नव्वद मिनिटं. २६ जानेवारी. हालचाल नाही. ४ फेब्रुवारी. ९ फेब्रुवारी. मार्चमध्ये आठ. ३१ मार्च. सतरा वेळा माझ्या बापाच्या घरात दीड तास काहीही हललं नव्हतं, आणि त्या प्रत्येक दिवसाच्या दुसऱ्या सकाळी दहा वाजता मी विचारलं होतं, आबा, बरं आहे ना?

मी बघत असतानाच सतराचे अठरा झाले.

दहा वाजून बावन्न मिनिटं. म्हणजे नऊ बावीसपासून. म्हणजे आत्ता.

मंदाबाईंना फोन लावला, त्या लग्नाला रावेरला गेलेल्या. आबांचा नुसता वाजत राहिला. हितेंद्रभाऊंनी किल्ली उचलली आणि आम्ही त्यांच्या गाडीने निघालो. रस्त्यात ते काहीतरी बोलत होते, मी फोन लावत होते. भुसावळच्या अलीकडे ट्रकची रांग लागलेली. केळीच्या गाड्या. मी दार उघडून चालत निघणार होते, त्यांनी हात धरला. मला देव आठवत नव्हता. मला फक्त 'वाट बघायची गरज नाही' हे शब्द आठवत होते.

दाराला कडी नव्हती. ढकललं की उघडलं. जी कडी लावत नाहीत म्हणून मी त्यांना रागावले होते.

आबा स्वयंपाकघरात ओट्याखाली फरशीवर होते. डोक्याखाली उशी. हाताशी पाण्याची बाटली. डोळे उघडे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज आली तू."

एवढंच म्हणाले. मी आणि हितेंद्रभाऊंनी त्यांना दोन्हीकडून धरून उठवलं. भुसावळला डॉक्टरकडे नेलं. रक्तदाबाची गोळी जास्त होत होती, उभं राहिलं की चक्कर येऊन पडायचे. पडले की डावा खुबा साथ देत नाही. हाड मोडलेलं नाही. गोळी अर्धी केली आहे.

संध्याकाळी घर आवरताना बघितलं. मोरीच्या दाराशीही एक उशी आणि पाण्याची बाटली आहे. पलंगाच्या पायथ्याशीही. तीन ठिकाणी, खाली फरशीवर. इतकं टापटिपीचं घर, आणि हे असं का ठेवलंय कोण जाणे. उचलून ठेवू लागले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तठीच."

८ एप्रिल, बुधवार

आता कळलं उशा का आहेत. कसं कळलं नाही मला काल?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनाचे गोल आहेत. मला वाटलं दुधाचे. मोजले. कालचा धरून वीस. पेटीत अठरा. दोन वेळा आबा दीड तासाच्या आत स्वतः उठले असणार.

ते पलंगावर बसले होते. मी विचारलं, "आबा, मला सांगितलं का नाही?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "काय सांगाचं? तूच त सांगेल व्हतं, पडले त घाबरू नका, पडून ऱ्हा, पेटी मले फोन करते. मी पडून ऱ्हात व्हतो. पह्यल्या खेपी लय वाट पाह्यली. मंग उठलो, पलंगाले धरून."

"आणि नंतर?"

"मंग तू सकाळी फोन करे. बरं हाये का, पुसे. म्हंजे तुले समजलंच असंन. मी एकदा पुसलंबी, आलं का तुले, त तू म्हनली आलं." पलंगावरची चादर सरळ केली. "यायले जमत नसंन कामापायी. मी काही मनात नाई धरलं."

अकरा आठवडे. अकरा आठवडे हा माणूस फरशीवर पडून असं समजत होता, की मुलीला कळलंय आणि ती येत नाहीये. आणि मनात धरत नव्हता.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं, की मला एकही निरोप आला नाही. तोंड उघडलंही. पण ते सांगितलं की पुढचं सांगावं लागतं, की का आला नाही. कालच्यापेक्षा आज मला जास्त भीती वाटली. मी म्हटलं, "चहा टाकते."

११ एप्रिल, शनिवार

इथेच राहून काम करतेय. कुंदाबाई आणि रतिलालकाका ठीक आहेत, मी स्वतः बोलले. कुंदाबाई महिनाभर लेकीकडे होत्या. या वेळी 'बरं आहे' ऐकून फोन ठेवला नाही, त्या पुढचं बोलेपर्यंत थांबले. पुढे त्या नातवाच्या मुंजीबद्दल बोलल्या, वीस मिनिटं. एरवी मी वैतागले असते.

दुरुस्ती अडलीय. मागच्या कामांची वाट बघायची, हे ठरलं. पण किती? कायमची वाट बघितली तर टेस्ट अडकते. थोडीच बघितली तर पुन्हा तेच. समोर आबा भाजी निवडत होते, त्यांना सोपं करून सांगितलं. आपल्या घराबद्दल आहे हे सांगितलं नाही.

म्हणाले, "आमच्याकडं बार नाई उडला त कोनी पुढं जात नव्हतं. नाई वाजलं म्हंजे झालं, असं नसते. घड्याळ लावून अर्धा तास बसा लागे. अर्ध्या तासानं बी नाई उडला, त मंग त्याले बिघडेल समजाचं, आन् शिट्टी माराची. गुपचूप घरी नाई जायचं."

थांबायचं, पण घड्याळ लावून. वेळ संपली की मोठ्याने ओरडायचं. आणि तो अडकलेला निरोप सोडून देऊन दुसऱ्या वाटेने नवा पाठवायचा. मी ते तसंच लिहिलं. तेहतीस वर्षांची नोकरी त्यांनी भेंड्या चिरताना मला देऊन टाकली, आणि त्यांना पत्ताही नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

झुंबरबाई सहा दिवसांत काही हजार वेळा पडली. आता मध्येच वायफायही बंद होतं तिचं. प्रत्येक वेळी टेस्ट थांबते, निरोप पोचल्याचं बघते, मगच घर पाडते. एकदाही लाल नाही. आज बदल बेचाळीस घरांत गेला.

हितेंद्रभाऊ फोनवर म्हणाले, "आता झोप जरा." झोप येत नाही. हिरव्या टिकल्यांवर विश्वास ठेवायची माझी शक्तीच गेली आहे.

आबांना अजून सांगितलेलं नाही. नऊ दिवस झाले.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी

सकाळी आईची घागर भरली. वर आंबा ठेवला, हात जोडले, आणि तिथेच बसल्या बसल्या आबांना सांगून टाकलं. तिच्यासमोर खोटं टिकेना.

"आबा, त्या अठरा निरोपांतला एकही मला आला नव्हता. मला काहीच माहीत नव्हतं. आणि ते माझ्यामुळे झालं. गेल्या आखाजीला इथे यायची घाई झाली म्हणून मी एक ओळ काढली."

मला बोलत सुटावंसं वाटत होतं, माफी मागावीशी वाटत होती. मी गप्प राहिले. पंख्याचा आवाज येत होता.

"म्हंजे तुले ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"आन् मी आठी फरशीवर पडल्या पडल्या…" पुढचं त्यांनी गिळलं. उपरण्याने तोंड पुसलं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

मग एकदम म्हणाले, "आता येते का निरोप?"

"येतो. टेस्ट पास झाली."

"तुही टेस्ट ऱ्हाऊ दे. आठी पाहू." आणि उशी घेऊन ओट्याखाली निघाले.

मी नको म्हटलं. ऐकलं नाही. मला अंगणात निंबाखाली बसवलं, मोबाईल हातात दिला आणि सांगितलं, वाजल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, काही झालं तरी. अकरा दहाला दार लोटलं.

नव्वद मिनिटं किती असतात, हे मला आज कळलं. झुंबरबाईची मी हजारो वेळा एका क्षणात उरकली आहेत. पहिल्या दहा मिनिटांत मी तीन वेळा उठले. पलीकडे मंदाबाईंकडे पोरींनी झोका बांधला होता, त्यांची गाणी चालू होती. अर्ध्या तासाने वाटलं, आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. तासाभराने वाटलं, आवाजच येत नाही. हाका मारल्या तर ते हलतील आणि सगळं पहिल्यापासून. आणि असे तर ते वीस वेळा एकटे पडून राहिले होते, कोणी येईल म्हणून.

बारा चाळीस. नव्वद झाली. फोन गप्प.

बारा एक्केचाळीस. अडकला. पुन्हा अडकला. पायरीवर पाय ठेवला, आणि तिथेच उभी राहिले. दुसरा पाय उचलला नाही. कसा नाही उचलला, मला सांगता येत नाही.

बारा बेचाळीसला फोन वाजला. राखण. वरणगाव. हालचाल नाही, नव्वद मिनिटं.

मी आत धावले. आबा तसेच होते, उताणे, डोळे मिटलेले, हात छातीवर. "आबा," म्हटलं. हलले नाहीत. मी गुडघ्यांवर बसले. त्यांच्या नाकापाशी हात नेला.

"माशी बसली व्हती नाकावर सुरवातीले," डोळे न उघडता ते म्हणाले. "हाकलली. दोन मिनटं त्याचीच." मग डोळे उघडले. "आलं का?"

"आलं, आबा."

त्यांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला, लांब धरून वाचला, बराच वेळ वाचला, आणि छातीवर ठेवला.

"मंग दे हात," म्हणाले. "मले एकट्याले नाई उठता येत."